ज्यू धर्मात नेहमी कानावर पडणारे हिब्रू शब्द आणि प्रथा कोणत्या?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यातल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मित्राकडे मलिद्याचं आमंत्रण आहे, तर जाण्याआधी 'खऱ्या ज्यू धर्मातले' हिब्रू शब्द आणि रीती कोणीतरी सांगा. मी स्वतः बेने इस्रायल, त्या 'खऱ्या'मुळेच लिहायला बसले.

आधी शब्द सांगून टाकते. शब्बाथ म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळला की 'शब्बाथ शालोम' (शब्बाथची शांती लाभो), शनिवारी रात्री शब्बाथ सुटला की 'शावुआ तोव' (आठवडा चांगला जावो), लग्न असो की बाळ, 'मझल तोव' (अभिनंदन). प्रार्थना चालवतात ते हझान, प्रार्थनेचं पुस्तक म्हणजे सिद्दूर, आणि दहा प्रौढ पुरुष जमले की मिन्यान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारा गट, होतो. दाराच्या चौकटीवर मझुझा दिसेल, म्हणजे धर्मग्रंथातल्या ओळींची गुंडाळी ठेवलेली छोटी डबी. जाता-येता आम्ही त्याला बोटं लावून ती ओठांना लावतो. तुम्ही नाही लावलीत तरी कोणी काही म्हणणार नाही.

आता मलिदा, म्हणजे एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे आणि फळांचं ताट मांडून करायची प्रार्थना. आमच्या भाच्याच्या वास्तूच्या वेळी एक पाहुणे आले होते, परदेशात धार्मिक शिक्षण घेऊन आलेले. आत्या परातीत भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची कालवत होती. वर केळी, खजूर, सफरचंदं रचायची होती. पाहुणे सगळ्यांसमोर म्हणाले, "हे शेजारच्या हिंदूंकडून उचललेलं आहे, धर्मात याला जागा नाही." आत्याचा हात परातीतच थांबला. मी तिथेच विचारलं, वल्हांडण सणाच्या जेवणाला, म्हणजे सेदेरच्या रात्री, एलियाहूसाठी वाइनचा प्याला भरतात तो चालतो, सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात ती चालते, मग त्याच एलियाहू हन्नाबीच्या नावाने ताट मांडलं तर कुठे बिघडलं?

आणि त्या ताटावर म्हणतात काय? खजूर उचलला की 'बोरे पेरी हाएत्स' (झाडाचं फळ निर्माण करणारा), कारण तो झाडाला लागतो. केळं उचललं की 'बोरे पेरी हाअदामा' (जमिनीचं फळ निर्माण करणारा), कारण केळीला लाकडी खोड नसतं, ती जमिनीतून उगवणाऱ्यांत मोजली जाते. सब्जाची पानं हुंगायची त्यालाही वेगळी बराखा, म्हणजे देवाच्या स्तुतीचं वाक्य. जगातला कुठलाही धर्म पाळणारा ज्यू फळ तोंडात घालण्याआधी हेच म्हणतो. पाहुण्यांना हे पटलं नाही. जेवण झाल्यावरही त्यांचा वाद चालूच होता.

माझं मत स्पष्ट आहे. परंपरा अशी की आमचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हा पोथ्या समुद्रात गेल्या. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या टिकलं ते एवढंच: शेमा, म्हणजे देव एकच आहे असं सांगणारी प्रार्थना, तोंडपाठ, आठव्या दिवशी सुंता, पर आणि खवले असलेलीच मासळी, आणि शनिवारी तेलाचा घाणा बंद. म्हणून तर गावाने आम्हाला शनिवार तेली म्हटलं. माझी आजी योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाला, दारफळणीचा सण म्हणायची. दिवसभर पाणीसुद्धा न घेता दार लावून बसायची. तिचा उपास कमी प्रतीचा होता असं मला कोणी सांगू नये. हिब्रू आमच्याकडे नंतर पुन्हा आली, शिकवणाऱ्यांत कोचीनचे ज्यूही होते. मुंबईतलं आमचं प्रार्थनामंदिर शार हारहामीम १७९६ सालचं आहे. एवढं असूनही इस्रायलमध्ये लग्नाच्या वेळी आमच्या वंशाची चौकशी सुरू झाली होती. आमच्या माणसांनी आंदोलन केलं, तेव्हा कुठे १९६४ साली बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यू आहेत असं तिथल्या सरकारला जाहीर करावं लागलं. तो प्रश्न तेव्हाच मिटला. भाच्याच्या वास्तूत तो पुन्हा उकरून काढायची कोणालाच गरज नव्हती.

उच्चार मी आमच्या घरचे लिहिलेत. बगदादी किंवा युरोपीय ज्यू थोडं वेगळं म्हणतील, तेही बरोबरच. मी काही धर्मशास्त्राची जाणकार नाही, शंका आली तर हझानना विचारा.

मलिद्याला जाताना टोपी किंवा रुमाल न्या, प्रार्थनेला डोकं झाकायचं असतं. बराखा संपली की 'आमेन' म्हणा. वडीलधाऱ्यांनी दोन्ही हात पुढे केले तर तुमच्या हातात घ्या आणि मग स्वतःची बोटं ओठांना लावा, ही आमची हातबोशी. ताटातलं फळ हाती आलं की लगेच खाऊ नका, बराखा होईपर्यंत थांबा. आणि मलिदा कालवणाऱ्या बाईला, छान झालाय, असं आवर्जून सांगा.