२००० सालचा डिझेल पुशर, ७८ हजार मैल: इंजिनात काय बघावं

३६ फुटी डिझेल पुशर (मागे डिझेल इंजिन असलेली मोटरहोम, म्हणजे राहायची गाडी), कमिन्स आयएसबी ५.९ लिटरचं इंजिन, ७८ हजार मैल, विक्रेता फिनिक्सजवळचा, आणि "इन्स्पेक्शन रिपोर्ट क्लीन आहे, मग इंजिनाचं वेगळं काय बघायचं?" हा तुमचा प्रश्न. असाच क्लीन रिपोर्ट आमच्याकडेही होता, म्हणून हे लांबलचक उत्तर. मी मेकॅनिक नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. जाणकारांनी चुका जरूर काढाव्यात.

बेल्ट, होज, टायरवरची तारीख हे तुम्ही बघालच.

आमचा रिपोर्ट चांगला जाडजूड होता. ऑनिंग (बाहेरचं कापडी छत), मायक्रोवेव्ह, सिंकखालचे पाइप, सगळ्याचे फोटो. इंजिनाच्या वाट्याला एक ओळ: "सुरू होते, नीट चालते." सोबत ऑइलच्या लॅब तपासणीचा कागद, त्यावर सगळं नॉर्मल. गाडी घरी आल्यावर पावत्या चाळल्या, तर नमुना घेण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी ऑइल बदललेलं! म्हशीला धुऊन आणायचं आणि तिच्याकडे बघून गोठा स्वच्छ आहे म्हणायचं, त्यातली गत. झिजेचं लोखंड, तांबं किंवा झिरपलेलं कूलंट ऑइलमध्ये दिसायला ते काही हजार मैल चाललेलं असावं लागतं. इन्स्पेक्शन कंपनीला फोन केला तर म्हणे, ऑइल किती चाललंय हे आमच्या चेकलिस्टमध्ये येत नाही. फी मात्र पूर्ण घेतली होती. पुढे प्रत्येक फोनला नवा माणूस आणि नवा तक्रार क्रमांक. असो. तुमच्या लॅब कागदावर "ऑइलवरचे मैल" हा रकाना रिकामा असेल तर तो कागद धरूच नका. नमुना स्वतःसमोर काढून घ्या, कूलंटचाही.

पण खिसा कापला तो रेडिएटरने. तुमच्या गाडीचा रेडिएटर मागे आहे की बाजूला, हे पोस्टमध्ये नाही. मागे असेल तर नीट वाचा. पंखा इंजिनाकडची हवा मागे ढकलतो, त्यामुळे घाण बसते ती चार्ज एअर कूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारी, रेडिएटरला लागून असलेली जाळी) इंजिनाकडच्या तोंडावर. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पोटाच्या) ब्रीदर नळीतून (इथे तिला स्लॉबर ट्यूब म्हणतात) तेलकट वाफ येते, पंखा ती जाळीवर उडवतो, वर रस्त्याची धूळ चिकटते. मागचं दार उघडून पाहिलं तर सगळं चकाचक. इन्स्पेक्टरने फोटो तिथूनच काढला होता. बेडरूममधल्या पलंगाखालचं झाकण उचला आणि टॉर्च मारा.

सपाटीवर तापमानाचा काटा हलत नाही. आमचा हलला तो कोलोरॅडोतल्या आय-७० महामार्गावर, ११ हजार फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्याच्या चढावर. तुम्हाला त्यासाठी कोलोरॅडोला जायला नको. फिनिक्सहून उत्तरेला जाणाऱ्या आय-१७ वर ब्लॅक कॅन्यन सिटी ते सनसेट पॉइंट हा चढ पुरेसा आहे. भर दुपारी जा, एसी चालू ठेवा. विक्रेता "गावातच फिरवून बघा" म्हणाला तर मी तरी तिथूनच परत फिरेन.

या काळातल्या ५.९ च्या काही ब्लॉकवर ५३ असा ओतीव आकडा असतो. त्यांच्या पाणी खेळणाऱ्या भिंती पातळ असल्याने तडा जाऊ शकतो. प्रत्येक ५३ फुटतोच असं नाही, पण किंमत पाडायला कारण मिळतं. आकडा इंजेक्शन पंपाच्या बाजूला शोधा. हेच इंजिन असलेल्या पिकअप ट्रकवाले "ड्रायव्हरची बाजू" सांगतात ती इथे चालत नाही, पुशरमध्ये इंजिन उलटं बसवलेलं असतं. इंजेक्शन पंप व्हीपी४४ मॉडेलचा असेल तर त्याला टाकीतून डिझेल पुरवणाऱ्या लिफ्ट पंपाचा दाब चढावर मोजून घ्या. तो १० पीएसआयच्या खाली गेला तर महागडा व्हीपी४४ उपाशी मरतो.

जाण्याआधी विक्रेत्याला बजावा: मी आल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. पोचल्यावर ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर चहा पिऊन या, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन सुरू होतानाचा धूर गरम इंजिनात लपतो. सिरियल नंबर टिपून कमिन्सला फोन करा, इंजिन मुळात कसं बनलं होतं ते कळतं.

आणि ७८ हजार मैलांवर भाळू नका. एवढ्या वर्षांत एवढेच मैल म्हणजे गाडी बहुतेक उभीच होती. पावत्यांची फाइल असलेली दीड लाख मैलांची गाडी मी आधी बघेन. हे माझं मत, इथल्या बऱ्याच जणांना पटत नाही. गाडीतला ओनन जनरेटरही (घरातल्या विजेसाठीचा) दोन्ही एसी लावून अर्धा तास चालवा, उभ्या गाड्यांत आधी तोच रुसतो.