आतडं तुटतं तेव्हा

बायबलमधल्या नव्या कराराचं ग्रीक शिकायला घेतलंस, फार बरं वाटलं. एकच सांगतो, कोशातला मूळ अर्थ सगळीकडे चिकटवू नकोस. ‘स्प्लांख्निझोमाइ’, म्हणजे कळवळा येणं, हे क्रियापद घे. मुळात ‘स्प्लांख्ना’ म्हणजे आतडी. प्रेषितांची कृत्ये १:१८ मध्ये येशूला धरून देणाऱ्या यहूदाची खरोखरच आतडी बाहेर पडतात. पण लूक १५:२० मध्ये, येशूने सांगितलेल्या गोष्टीत, उधळ्या पोराला दुरून पाहून बापाला कळवळा येतो, आणि तो धावत सुटतो. आपण ‘आतडं तुटलं’ म्हणतो ना, तसंच. हे क्रियापद शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चार चरित्रांत, १२ वेळा येतं, योहानाच्या शुभवर्तमानात एकदाही नाही. ती बाराही ठिकाणं वाच. कुठे लोकांना जेवू घातलंय, कुठे जखमा बांधल्यात. कळवळ्यानंतर लगेच काय घडतं, ते मी वहीत लिहून काढलं होतं. तूही काढ.