आयरिश बटाट्याचा तव्यावरचा ब्रेड: पीठ चिकट का होतं?

तुमचा प्रश्न असा आहे: व्हिडिओ बघून आयरिश पोटॅटो ब्रेड दोनदा केला, दोन्ही वेळा पीठ लाटण्याला चिकटून बसलं. मैदा वाढवत गेलात तर ब्रेड चामड्यासारखा झाला. वर अर्धा गोळा अजून फ्रिजमध्ये पडलाय.

मैदा वाढवायला नको होता, हे खरं. पण चूक त्याच्या आधीच झाली होती, बटाटे उकडताना. या ब्रेडमध्ये सगळा खेळ पाण्याचा आहे. बटाट्यात पाणी राहिलं की ते मैदा मागतं, आणि मैदा जितका जास्त तितका ब्रेड चिवट.

मी उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला तीन वर्षं नोकरीला होतो. तिथे याला नुसतं 'पोटॅटो ब्रेड' म्हणतात, अल्स्टरच्या, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांताच्या, काही भागांत 'फॅज', आणि एकेका तुकड्याला 'फार्ल'. फार्ल म्हणजे चौथा हिस्सा; जुन्या स्कॉट्स भाषेतला शब्द. गोल लाटून चार त्रिकोण कापतात म्हणून. शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक बाई राहायच्या. मी मनात त्यांना आजी म्हणायचो, पण समोर नावानेच हाक मारावी लागायची आणि दर वेळी माझी जीभ अडखळायची. हा ब्रेड मी त्यांच्याकडून शिकलो.

त्याआधी स्वतःच्या हुशारीने एकदा केला होता. उकडलेल्या बटाट्यात हँड ब्लेंडर फिरवला आणि लहानपणी पतंगाला कागद चिकटवायला करायचो तशी खळ तयार झाली. कारण सोपं आहे. उकडल्यावर बटाट्याच्या पेशींमधला स्टार्च फुगतो. पेशी अख्ख्या राहिल्या तर बटाटा भुसभुशीत लागतो. पातं फिरलं की त्या फुटतात, स्टार्च बाहेर येतो आणि चिकटा होतो. तुमच्या व्हिडिओतल्या बाईंनी मिक्सर वापरला असेल तर तो व्हिडिओ विसरा. आयर्लंडमधल्या घरांत बटाटा दाबून गाळायचं एक यंत्र असतं. ते बघून मला आमचं पुरणयंत्र आठवलं, आणि पुण्यात आल्यापासून मी तेच वापरतो. नसेल तर किसणीवर गरम गरम किसा. बोटं भाजतात, इलाज नाही.

आता बटाटा. तिकडे कुस्करायला पिठूळ बटाटा घेतात: रूस्टर, कर्स पिंक, मॅरिस पायपर अशा जाती. उकडले की त्यांची सालं फुटतात आणि आतून कोरडं पीठ दिसतं. १८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळापूर्वी आयर्लंडच्या गरिबांचं पोट ज्यावर भरायचं ती 'लंपर' जात मात्र पाणचट होती. पीक भरघोस यायचं म्हणून लावायचे. १८४५ साली करपा आला, तेव्हा ती त्याला लगेच बळी पडली.

आपल्याकडे दुकानदाराला जात विचारून फार उपयोग होत नाही. शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेने वेफर्ससाठी काढलेला कुफरी चिप्सोना मिळाला तर उत्तम, त्यात पाणी कमी असतं. नाहीतर एक युक्ती करा. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवा आणि कच्चे बटाटे त्यात सोडा. बुडतात ते पिठूळ, तरंगतात ते पाणचट. तरंगणारे रश्शाला ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीतले पातळ सालीचे नवे बटाटे या ब्रेडला घेऊच नका. कोल्ड स्टोरेजमधले गोडूस बटाटेही नकोत. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि ब्रेड आत शिजायच्या आधीच बाहेरून काळा पडतो.

उकडताना बटाटे कापू नका, सोलूही नका. कुकर लावणार असाल तर बटाटे कोरड्या डब्यात ठेवा, डब्यात पाणी अजिबात नको. सोलून झाले की रिकाम्या कढईत मंद आचेवर दोन मिनिटं हलवा. वाफ जाताना दिसते. ती पूर्ण जाऊ द्या. आजी बटाटे निथळून पातेलं पुन्हा शेगडीवर ठेवायच्या आणि वर कोरडा टॉवेल टाकायच्या. टॉवेल वाफ शोषून घेतो.

प्रमाण: उकडून सोललेला बटाटा अर्धा किलो, मैदा १०० ग्रॅम (फार तर १२५), लोणी ३० ग्रॅम, मीठ अर्धा चमचा. बाजारातलं खारं बटर घेतलंत तर मीठ निम्मं करा. बटाटा गरम असतानाच लोणी आणि मीठ घाला, मग मैदा भुरभुरवा आणि हाताने हलकेच गोळा करा. मळायचं नाही. पोळीची कणीक मळायची सवय असलेल्या हातांना हे सगळ्यात कठीण जातं, आणि गोळा मुरत ठेवायचा मोहही तिथूनच येतो. हा गोळा पडून राहिला की त्याला पाणी सुटतं आणि अर्ध्या तासात तो पुन्हा चिकट होतो. तवा आधी तापत ठेवा, मग गोळा करा. शिळ्या, थंड बटाट्याचाही ब्रेड होतो, तिकडे बरेच जण आदल्या रात्रीचा उरलेला मॅश, म्हणजे कुस्करलेला बटाटा, असाच संपवतात. पण लाटताना कडा फाटतात. मैद्याऐवजी कणीक घातली तर तो बटाट्याचा पराठा होईल. वाईट नाही, पण तुम्ही विचारलेला पदार्थ तो नव्हे. ओट्सचं पीठ घालायची मात्र अल्स्टरमध्ये जुनी रीत आहे.

या प्रमाणात दोन गोळे होतात. पोळपाटावर मैदा भुरभुरवून एकेक साधारण २० सेंटिमीटरचा गोल लाटा, जाडी पाऊण ते एक सेंटिमीटर. म्हणजे भाकरीपेक्षा चांगलाच जाड. सुरीने चार तुकडे करा.

तव्यावर तेल नको. जुन्या आयरिश घरात भट्टी क्वचितच असायची. पीटच्या (दलदलीतून काढून वाळवलेल्या, जळणाऱ्या मातीच्या) विस्तवावर साखळीने टांगलेला सपाट लोखंडी तवा हीच ब्रेडची जागा, आणि त्यावर सगळं कोरडंच भाजायचे. तवा तापला की चिमूटभर मैदा टाकून बघा. हळूहळू बदामी झाला तर आच बरोबर, लगेच काळा पडला तर जास्त. प्रत्येक बाजू चार ते पाच मिनिटं, मध्यम-मंद आचेवर, आणि एकदाच उलटायचं. आपण फुलक्यासारखं सारखं उलटत राहतो, त्याने नाजूक कोपरे मोडतात. तांबूस डाग पडले की काढून स्वच्छ फडक्यात गुंडाळा.

गरम असताना वर लोणी लावून खा. तिथले लोक दुसऱ्या दिवशी अल्स्टर फ्राय या न्याहारीत बेकन आणि अंड्यांबरोबर तो त्याच चरबीत तळतात. मी शाकाहारी, म्हणून लोण्यात परततो. कडा कुरकुरीत होतात, आतलं मऊच राहतं. मला ताज्यापेक्षा हा दुसऱ्या दिवशीचा जास्त आवडतो.

एक घोळ टाळा: 'बॉक्स्टी' वेगळी. आयर्लंडमधल्या लीट्रिम, कॅव्हन या भागांकडची. तिच्यात कच्चा बटाटा किसून, पिळून, मॅशमध्ये मिसळतात. व्हिडिओत कच्चा कीस दिसला असेल तर तुम्ही दोन पदार्थ एकत्र केलेत.

आणि कधीतरी सफरचंदाचा करा. हॅलोविनच्या सुमारास आजी फार्ल दुमडून आत सफरचंदाचे काप भरायच्या, करंजीसारख्या कडा दाबायच्या आणि मंद भाजायच्या. शेवटी एक कड उघडून आत साखर आणि लोण्याचा गोळा सारायच्या, परत मिटायच्या आणि तव्यावर मिनिटभर ठेवायच्या. साखरेचा पाक बाहेर झिरपून तव्यावर जळायचा, सगळ्या जिन्यात वास.

आता फ्रिजमधला गोळा. त्याचा पोटॅटो ब्रेड होणार नाही, मैदा घालत बसू नका. दोन मुठी भाजणी, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घाला, ओल्या फडक्यावर थापा, भोकं पाडा आणि कडेने तेल सोडून झाकण ठेवून भाजा. पण आजच, उद्या त्याला आणखी पाणी सुटेल.