केसरबाईंनंतरचा गवई

प्रश्न : नासाच्या 'व्हॉयेजर' अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे लहानपणापासून ऐकत आलोय. परवा सहज गाण्यांचा क्रम पाहिला, तर 'जात कहाँ हो'च्या लगेच पुढे कुणी ब्लाइंड विली जॉन्सन. हा कोण? आणि त्याचं पुढे काय झालं?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : क्रम पाहिलात हे फार बरं केलंत. बहुतेक जण केसरबाईंचं नाव सापडलं की खूश होऊन तिथेच थांबतात. मला हा माणूस भेटला तो दुकानात. एक गिऱ्हाईक दुरुस्तीला प्लेअर देऊन गेलं आणि वाजवून बघायला म्हणून स्वतःची एलपी ठेवून गेलं. पट्टा बदलला, सुई टेकवली. एक माणूस नुसता गुणगुणत होता, शब्द एकही नाही. मागून गिटारची तार मींड घेत घसरत यायची, त्याचा सूर जिथे सोडला तिथून उचलायची. माझ्या पोऱ्याने सोल्डरिंग थांबवून विचारलं, "शेठ, हा रडतोय का गातोय?" तो प्लेअर मी चार दिवस उशिरा परत दिला. गिऱ्हाइकाला सांगितलं, पार्ट आला नव्हता.

ते गाणं म्हणजे हेच, तबकडीवरचं : 'डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड'. जॉन्सनने ते ३ डिसेंबर १९२७ रोजी डॅलसमध्ये कोलंबिया कंपनीसाठी गायलं. नाव एका जुन्या इंग्रजी स्तोत्रातलं आहे. येशूला धरून नेण्याआधीची काळोखी रात्र, खाली गार जमीन. स्तोत्राचे शब्द त्याने घेतलेच नाहीत. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं, त्यातला गंधार कोमलही नसतो, शुद्धही नसतो, मधेच कुठेतरी लोंबकळतो. आपल्या कानाला तो परका वाटत नाही. पेटीवाल्याची मात्र पंचाईत.

काटेकोर बोलायचं तर हा ब्लूजवाला नव्हेच. त्याने गायली ती देवाची गाणी, आणि तिथल्या चर्चमधल्या मंडळींच्या लेखी ब्लूज म्हणजे सैतानाचं गाणं. बाज मात्र पुरता ब्लूजचा, म्हणून सगळे त्याला त्याच पंगतीला बसवतात. मीही बसवतो.

टेक्सासमधल्या गावांत रस्त्याच्या कडेला उभं राहून गाणारा हा आंधळा गवई. १९२७ ते १९३० या काळात त्याच्या तबकड्यांच्या ३० बाजू निघाल्या. मग मंदी आली, रेकॉर्डिंग संपलं. शेवटी बोमाँट गावात तो प्रार्थनाघर चालवत होता. १९४५मध्ये घर जळालं. जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून नवरा-बायको त्या जळक्या घरातच ओल्या अंथरुणावर निजत राहिले. १८ सप्टेंबरला तो गेला. मृत्यूच्या दाखल्यावर मलेरियाचा ताप लिहिलंय. घराची ही हकिगत कळली ती पत्नी अँजेलिनमुळे; १९५०च्या दशकात सॅम्युएल चार्टर्स नावाचा संशोधक तिला शोधत गेला म्हणून. पुरला त्या स्मशानात त्याच्या नावाचा दगड लागला २०१०मध्ये. म्हणजे त्याचा आवाज अंतराळात जाऊन ३३ वर्षं झाल्यावर.

आणि केसरबाई? दुसरं यान उडालं ५ सप्टेंबर १९७७ला. बाई गेल्या १६ सप्टेंबरला.

प्रश्न : ब्लूज गायिका बेसी स्मिथला गोऱ्यांच्या इस्पितळाने दारातून परत पाठवलं म्हणून ती मेली, हे खरं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. २६ सप्टेंबर १९३७ला मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळ तिच्या मोटारीला अपघात झाला आणि तिला थेट काळ्यांच्याच इस्पितळात नेलं. वर्णभेद इतका उघड होता, की दुसरीकडे न्यायचं कुणाच्या मनातही आलं नसावं. मला ही खरी गोष्ट दंतकथेपेक्षा जास्त बोचते.

पण खरी लाज पुढे आहे. फिलाडेल्फियातल्या अंत्ययात्रेला हजारो माणसं लोटली, आणि कबरीवर ३३ वर्षं साधा दगड नाही. १९७०च्या ऑगस्टमध्ये तो बसला. पैसे दिले दोघींनी : एक गायिका जॅनिस जॉप्लिन, दुसरी हुआनिता ग्रीन, जी पोरवयात बेसीच्या घरची फरशी पुसायची. जॉप्लिन दोन महिन्यांत स्वतःच गेली. तिची राख समुद्रावर सोडली, तिला कबरच नाही.

हे एकटीचं नाही, ब्लूजच्या बाकीच्या गवयांचंही असंच. ब्लाइंड लेमन जेफरसनने तर गाण्यातच मागणं मागितलं होतं, एवढी एक मेहेरबानी करा, माझी कबर झाडून-पुसून ठेवा. तो १९२९मध्ये गेला. वर्थम गावातल्या त्याच्या कबरीपाशी पहिली पाटी लागली १९६७मध्ये. फ्रेड मॅकडॉवेलला दगड मिळाला, पण त्यावर आडनाव चुकवलं, 'मॅकड्यूएल'! बॉनी रेट या गायिकेने १९९३मध्ये नवा करून बसवला. रॉबर्ट जॉन्सनच्या नावाचे दगड तर तीन वेगवेगळ्या चर्चच्या आवारात आहेत. सगळे खरे कसे असतील?

प्रश्न : वडील मार्चमध्ये गेले. त्यांच्या ट्रंकेत ७८च्या तबकड्या सापडल्या, दोन-तीन अमेरिकन वाटतात. बुरशी आलीय. स्पिरिटने पुसू का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : स्पिरिट अजिबात नको! ७८ची तबकडी लाखेची, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एकदा बोळा फिरवलात की गाणं गेलं. डिस्टिल्ड पाणी घ्या, मऊ सुती फडकं ओलसर करा आणि खाचांच्या दिशेने गोल पुसा, आडवं नाही. मधलं लेबल कोरडं ठेवा. सावलीत उभ्या वाळवा. एकावर एक रचू नका, तडकतील.

लेबलवर 'पॅरामाउंट' असलं तर मात्र हातच लावू नका, आधी मला कळवा. ब्लूज गवई चार्ली पॅटनची बहुतेक गाणी त्याच कंपनीची. तिचे धातूचे मूळ साचे बहुतांशी भंगारात गेले. पॅटन आज ऐकू येतो तो कुणाकुणाच्या घरात उरलेल्या, घासून घासून पांढुरक्या झालेल्या तबकड्यांवरून. अमेरिकेच्या दक्षिणेत दारोदार फिरून लोकांनी त्या गोळा केल्या.

आणि वडिलांच्या सुया ट्रंकेत असतील तर पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी लावा. जुनी वापरून मोकळे झालात, तर खाचा खरवडल्या जातील.