रोमला जाताना मधला थांबा किती ठेवावा?

तुमचा बेत वाचला. मुंबई-फ्रँकफर्ट-रोम, मध्ये सव्वा तास. माझं ऐकाल तर हे तिकीट घेऊ नका. शेंगेन भागात, म्हणजे आपसात पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, तुम्ही पहिल्यांदा फ्रँकफर्टला शिरता, म्हणून पासपोर्ट तपासणी तिथेच होते, रोमला नाही. ती रांग, बहुधा पुन्हा सुरक्षा तपासणी, मग लांबच लांब चालणं. सोबत आई-बाबा आहेत, तर तीन तास तरी ठेवाच. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर घ्या. पहिल्याला उशीर झाला तर पुढची सोय कंपनी करते, बॅगाही थेट रोमला मिळतात. मी एकदा स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी तिकिटं काढली. पहिलं विमान उशिरा पोचलं, दुसरं गेलं, आणि ऐनवेळी पूर्ण भाड्याचं नवं तिकीट घ्यावं लागलं.

नागपूरहून मुंबईला येताय ना? मग ते विमान मुंबईच्या जुन्या विमानतळावर (सहारला) उतरतं की नवी मुंबईच्या वेगळ्या विमानतळावर, हे आधी बघा. औषधं मात्र हातातल्या बॅगेतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.