डॉक्टरले अख्खं सांगजो

बाबू,

परवा जागलीवर हरभऱ्यात डुकरं घुसली म्हणून बाजूच्या वावरातून कोणीतरी सुतळी बॉम्ब फोडला अन् तू मचाणावरून उडी टाकून धुऱ्याले चिपकून पडला, हे मले पोट्ट्यांनी हसत हसत सांगितलं. मले काही हसू आलं नाही.

तू अमरावतीच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकले, म्हणजे माजी फौज्यांच्या दवाखान्यात, जाऊन आला हे बेस केलं. पण तिथं सांगितलं काय, तर "सर, झोप नाही येत". मंग तो डॉक्टर झोपेचीच गोळी देईन ना बे, त्याच्यामांगं शुगर-बीपीवाल्यांची लाईन लागली राहते. त्याले सांगाचं असते की फौजेत असताना काश्मीर घाटीत त्या दिवशी काय झालं, तुह्या बडीले, म्हणजे जोडीदार जवानाले, काय झालं, अन् तेव्हापासून तेच सपन येते, दिवाळीत तू घरातून गायब होतो, लग्नात भिताडाले पाठ लावल्याशिवाय जेवाले बसत नाही, लेकरू मांगून आलं तर हात उगारतो. हे महिन्याच्या वर चाललं की डॉक्टर लोकं पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगाचा मनात बसलेला धक्का, धरतात. व्हिएतनामहून परतलेल्या फौज्यांचे हाल पाहून १९८० साली हे नाव अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या पुस्तकात चढलं, म्हणजे तू काही जगातला पयला नाही. सरळ म्हणजो, सर, सायकियाट्रिस्टकडे रेफरल द्या.

तुह्या मनात काय आहे ते मले माहीत आहे. शेप म्हणजे फौजेची मेडिकल ग्रेड, त्यातला मनाचा एस खाली आला की कॅटेगरी गेली, प्रमोशन अटकलं, म्हणून नोकरीत सारेच तोंड शिवून बसतात. पण आता तू पेन्शनवर आहे, इलाज केला म्हणून पेन्शन कोणी कापत नाही. डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोरमध्ये, जाचं असन तर मेडिकल होते हे खरं, पण अशा झोपेत तू ड्युटी तरी कशी करशीन सांग.

मी स्वतः गोळ्या खाल्ल्या आहेत म्हणून सांगतो, सर्ट्रालीनसारख्या गोळीचा फरक पडाले काही हप्ते लागतात, चार दिवसांत काही नाही झालं म्हणून फेकू नको अन् बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंदही करू नको. चिठ्ठीवर प्राझोसिन दिसली तर भेवू नको, ती बीपीची गोळी आहे पण सपनासाठीही देतात, फक्त उठताना सावकाश उठजो, चक्कर येते. अन् निस्त्या गोळ्यांवर भागत नाही. काउन्सेलर तुह्याकडून तोच दिवस पुन्हा पुन्हा वदवून घेईन, पयले पयले त्रास वाढल्यासारखा वाटते, तिथंच लय जण सोडून देतात. तू सोडू नको.

फौजी कॅन्टीनची दारूची बाटली अन् झोपेची गोळी एका रात्री नाही म्हणजे नाही, दोन्ही मिळून श्वासच मंदावतो. बाराबोर बंदूक सध्या पोलीस ठाण्यात जमा करून पावती घे, याच्यावर मी वाद घालणार नाही.

आई म्हणते बाहेरचं लागलं, शेगावले नेते. जा ना, महाराजांच्या पायाशी बसून मलेही बरं वाटते, गोळी खिशात ठेवून जाजो म्हणजे झालं.

रात्री-बेरात्री जीव घाबरा झाला तर १४४१६ वर फोन लाव, टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाईन, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. नाहीतर मले लाव, म्हाताऱ्याले तशीही झोप कमीच राहते.

येत्या मंगळवारी पॉलिक्लिनिकले निघू, सोमवारी तिथं लय गर्दी राहते. ईसीएचएसचं कार्ड, डिस्चार्ज बुक, अन् मिलिटरी हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट होता तेव्हाचे कागद असतीन ते सारे पिशवीत टाकजो. दर्यापूरहून सकाळची एसटी पकडू. सूनबाईलेही सोबत घे, रात्री तू काय बडबडतो ते तुले कुठं माहीत आहे, डॉक्टर तिलेच विचारतीन.

तुहा काका