शाल घ्या, सही देऊ नका

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही गडहिंग्लज भागात विधवा, परित्यक्ता आणि एकट्या राहणाऱ्या बायकांसाठी काम करतो. निराधार योजनेचे अर्ज, सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावणं, रेशनकार्ड वेगळं करणं, अशी सगळी खेटे घालायची कामं. मागच्या हिवाळ्यात आम्ही ठिय्या दिला होता. मागण्या दोनच होत्या: योजनेची उत्पन्नाची अट वाढवा आणि थकलेले पैसे द्या. आता एकाच आठवड्यात दोन निरोप आलेत. २६ जूनला शाहू जयंतीच्या कार्यक्रमात कोल्हापुरात आमच्या संस्थेचा मंत्र्यांच्या हस्ते सत्कार आहे, "येताना शंभरेक महिला आणा" म्हणालेत. शिवाय तालुक्याच्या संजय गांधी निराधार समितीवर आमच्यातलं एक नाव द्या, असंही सुचवलंय. आमच्यात दोन तट पडलेत. पोरी म्हणतात, शाल अंगावर पडली की तोंड बंद. जुन्या म्हणतात, सत्काराचं राहू दे, पण समिती सोडायची नाही, आत बसलं की कामं होतात. तुम्ही काय कराल?
— एक कार्यकर्ती, ता. गडहिंग्लज

उत्तर : बाई, तुमच्याकडे सत्काराची धास्ती आहे आणि समितीचा मोह आहे. मी असते तर नेमकं उलटं केलं असतं. सत्काराला जा. समितीवर नाव देऊ नका.

का, ते तुमच्याच मागणीवरून सांगते. या योजनेत एकट्या बाईला महिन्याला १५०० रुपये मिळतात आणि त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत लागतं. म्हणजे महिन्याला १७५० रुपये. आपल्याकडे खुरपणीला जाणारी बाई आठवडाभर कामाला गेली की महिन्याची ही मर्यादा संपली. हे तलाठ्याला माहीत असतं, तहसीलदाराला माहीत असतं, अर्ज लिहून देणाऱ्या पोराला तर पाठच असतं. मग दाखल्यावर खोटा आकडा येतो आणि सगळे गप्प बसतात. ज्या बाईचा वशिला नाही किंवा जी खरं बोलते, ती तेवढी अपात्र ठरते.

आता ही अट कोण बदलणार? तालुक्याची समिती नाही. ते काम मंत्रालयातून निघणाऱ्या शासन निर्णयाचं. समितीचा अध्यक्ष पालकमंत्र्यांनी नेमलेला अशासकीय माणूस असतो, तहसीलदार सदस्य सचिव असतात. टेबलावर अर्जांचा गठ्ठा येतो, लिपिक आधीच पात्र-अपात्र अशा याद्या करून आणतो, चहा येतो आणि खाली सह्या होतात. त्या अपात्रांच्या यादीखाली तुमचीही सही असणार. दुसऱ्या दिवशी तीच बाई तुमच्या दारात. परवापर्यंत तुम्ही तिच्याबरोबर तहसीलला भांडायला जात होता, आता ती तुमच्याशी भांडायला आलेली. तुम्ही तिला काय सांगणार? नियमात बसत नाही? हे वाक्य तिनं खिडकीवर दहा वेळा ऐकलंय. ते तुमच्या तोंडून ऐकलं की तिचा तुमच्यावरचा विश्वास संपला.

आणि "आत बसलं की कामं होतात" हे खरं असतं, म्हणून तर जास्त अवघड. कामं होतात, पण ती तुमच्या ओळखीच्या बायकांची. मग गावात पसरतं की अर्ज पास करायचा तर अमक्या संस्थेकडे जा. आपणच एजंट होऊन बसतो, आणि पुढचा ठिय्या द्यायला तोंड राहत नाही. चांगल्या, प्रामाणिक बायकांचं असं झालेलं मी पाहिलंय. कुणी पैसे खाल्ले नव्हते, नुसती सवय लागली होती.

समितीचं मला इतकं वावडं नाही. महात्मा फुले पुण्याच्या नगरपालिकेत सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून गाव सजवायला पैसे खर्च करायचा ठराव आला, तेव्हा एकट्यांनी विरोध केला आणि तोच पैसा शिक्षणाला लावा म्हणाले. तिथं बसून नकार नोंदवता येत होता, ठरावाला नाही म्हणता येत होतं. तुमच्या समितीत ठराव नसतो, याद्या असतात. सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय यांचंही उदाहरण कुणी तरी तुमच्या बैठकीत काढेलच. त्या २००४ साली केंद्राच्या राष्ट्रीय सल्लागार परिषदेवर गेल्या, २००५ साली माहिती अधिकाराचा कायदा आला. बरोबर. पण त्याआधी १९९६ साली राजस्थानात ब्यावरला माहितीच्या हक्कासाठी ४० दिवस धरणं झालं होतं, परिषद नुसती सल्ला द्यायची, कुणा गरिबाचा अर्ज नामंजूर करत नव्हती, आणि २००६ साली त्या बाहेरही पडल्या. धोरणाच्या बैठकीला कुणी बोलावलं, अगदी मुंबईला, तर पहाटेची गाडी धरून जा. मंजुरीच्या खुर्चीचं तसं नाही.

समितीत काय चालतं ते कळायला आत बसायला लागत नाही. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, बैठकीचं इतिवृत्त आणि नामंजुरीची कारणं मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कचेरीत तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन असतो, तिथं अडकलेल्या प्रकरणांची यादी घेऊन जा. आणि त्यांना तुमचा सल्ला हवाच असेल तर लेखी कळवा की आम्ही सदस्य म्हणून नाही, निमंत्रित म्हणून येऊ, सही करणार नाही, आमचं म्हणणं इतिवृत्तात लिहा. यावर पुन्हा फोन आला नाही तर त्यांना नक्की काय हवं होतं तेही कळेल.

आता सत्कार. पोरींना सांगा, शाल पडल्यानं तोंड बंद होत नाही. पुण्यात १८८८ साली हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉटला मेजवानी दिली होती. राणीचा मुलगा, दागिन्यांनी मढलेली मंडळी. त्या मेजवानीला फुले गेले, शेतकऱ्याच्या वेशात. आणि तिथंच उभं राहून म्हणाले की या नटलेल्या लोकांवरून हिंदुस्थान ओळखू नका, खरा देश खेड्यात आहे, त्यांच्या शिक्षणाचं राणीला सांगा. न जाता घरी बसून हेच पत्रात लिहिलं असतं तर कुणी वाचलं असतं?

२६ जूनला व्यासपीठावर जो माणूस असेल, तो उत्पन्नाच्या अटीचा विषय मंत्रिमंडळात नेऊ शकतो. तालुक्यात असा माणूस तुम्हाला भेटतो कधी? तेव्हा निमंत्रण स्वीकारल्याचं पत्र द्या, त्याच पत्रात दोन्ही मागण्या लिहा, आवक क्रमांक घ्या. दोन मिनिटं बोलायला मिळतील का, हे आधीच विचारा. व्यासपीठावर अध्यक्षबाईंना पाठवू नका. जिचा अर्ज नामंजूर झालाय तिला पाठवा. फेटा तिलाच बांधू देत. आपल्याकडे फेटा बांधायला पाच मिनिटं लागतात, तेवढ्यात शेजारच्या साहेबांना ती सगळं सांगून मोकळी होईल. अशाच एका मांडवात एका म्हातारीनं माईक हातात आल्यावर एवढंच म्हटलेलं मी ऐकलंय: "सायेब, मी जित्ती हाय म्हणून दरसाल कागद देतो. तरी पैसं येत न्हाईत." निवेदकाला पुढचं नाव पुकारायचं सुचेना. साहेबांनी तिथंच एका अधिकाऱ्याला बोलावून तिचं नाव लिहून घ्यायला लावलं. एका बाईचं काम झालं, बाकीच्यांचं राहिलं, हेही खरं. पण दुसऱ्या दिवशी पेपरात सत्काराऐवजी ते वाक्य आलं.

माझी हरकत वेगळ्याच गोष्टीला आहे. "शंभरेक महिला आणा." हीच या निमंत्रणाची खरी किंमत, आणि तिच्याबद्दल तुमच्या दोन्ही तटांनी चकार शब्द काढलेला नाही. सकाळी सातला गाडीत बसवायचं, दहापासून मांडवात, साहेब दीडला येणार, रोजगार बुडाला, हातात एक पुडा आणि पाण्याची बाटली. फोटोत मागं गर्दी दिसावी म्हणून तुमच्या बायका. त्या तुमच्या शब्दावर येतात, सत्काराच्या हौसेनं नाही. ठिय्याला येतात तेव्हा स्वतःसाठी येतात, इथं दुसऱ्याच्या फ्लेक्ससाठी. तेव्हा स्पष्ट सांगा, आम्ही पाच जणी येऊ. गर्दी जमवणं हे संस्थेचं काम नाही. यावर निमंत्रणच मागं घेतलं तर घेऊ दे.

आणखी एक बारीक गोष्ट. कार्यक्रमपत्रिका आधी मागवून वाचा. बायकांचा कार्यक्रम म्हटलं की कुणी तरी हळदीकुंकू आणि ओटी घालतंच, आणि तुमच्यातल्या निम्म्या जणी मांडवाच्या कडेला उभ्या राहतात. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र नि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. सरकारनं आपलं म्हणून मिरवलेलं हे पाऊल एका गावानं आधी टाकलं होतं. संयोजकांना ते परिपत्रक दाखवा आणि विचारा, हळदीकुंकू सगळ्यांना लावणार का? नाही म्हणाले तर मात्र शालीलाही नाही म्हणा.

प्रश्न : आमच्या मंडळाचा गेल्या महिन्यात एका नेत्याच्या वाढदिवशी सत्कार झाला, पाकीटही मिळालं. अजून उघडलं नाही. ठेवावं का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : उघडून बघा आधी! संस्थेच्या नावाचा चेक असेल तर खात्यात भरा, पावती द्या, वार्षिक हिशोबात देणगीदाराच्या नावासकट दाखवा. तुमची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असेल तर हिशोबतपासणी होतेच, तिथं अडचण नको. रोख असेल तर परत पाठवा, सोबत दोन ओळींचं आभाराचं पत्र, आणि त्या पत्राची प्रत फाइलला. उद्या त्याच नेत्याच्या कारखान्यावर मोर्चा न्यायची वेळ आली तर ती प्रत उपयोगी पडते. आणि महिनाभर पाकीट कपाटात ठेवलं, हे कुणाला सांगू नका.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या दहाव्या वर्धापनदिनाला आमदारांना बोलवावं, असं काहींचं म्हणणं आहे. मला पटत नाही. तुमचं मत?
— एक शिक्षक, ता. कागल

उत्तर : अहो, तुम्ही कागलचे. १९२० साली तेव्हाच्या कागल जहागिरीतल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली, तिला शाहू महाराज आले होते, आणि परिषदेचे अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. खुद्द राजा पाहुणा म्हणून आला आणि दुसऱ्याच्या अध्यक्षतेखाली बोलला. तर आमदारांना बोलवा जरूर. पण अध्यक्ष तुमचाच कार्यकर्ता ठेवा. आमदारांना पहिला तासभर समोरच्या खुर्चीवर बसून ऐकू द्या, भाषण शेवटी. "दुसऱ्या कार्यक्रमाला जायचंय, आधी बोलतो" असा निरोप येईल, येतोच. तर मग पुढच्या वर्षी या म्हणावं. आणि जेवण सगळ्यांबरोबर पंगतीत. आतल्या खोलीत वेगळा तांबडा-पांढरा मांडू नका.